पहिल्या बेरीचा रंग

आठवड्यातले दोन दिवस मायरेला आणि एक मला. ही वाटणी माझ्या सुनेने, हेन्नाने केली, आणि मायरे म्हणजे तिची आई, तेव्हा त्यात न्याय शोधत बसले तर मीच वेडी. मंगळवारी आणि गुरुवारी माझा नातू ओत्सो कायानी शहरात मायरेच्या फ्लॅटवर असतो. बुधवारी तो माझ्याकडे, गावाबाहेरच्या माझ्या लाकडी घरात. बाकीचे दिवस हेन्नाला कामावर जायचं नसतं.

ओत्सो दहा महिन्यांचा आहे. माझ्या एकुलत्या एका मुलाचा, यार्कोचा, एकुलता एक मुलगा. मायरेला हेल्सिंकीत आणखी तीन नातवंडं आहेत. पोट भरलेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये, एवढंच माझं म्हणणं.

माझी विहीण वाईट बाई नाही, आणि हेच मला सोसत नाही. दंतवैद्याकडे नोकरी करून निवृत्त झाली. तिचा आवाज कधी चढत नाही, केस कधी विस्कटत नाहीत, आणि तिच्याकडे जाताना मी घरूनच मोज्यांना भोकं आहेत का ते बघून निघते. भांडकुदळ असती तर मी तिला पुरून उरले असते. असल्या गोड माणसाशी भांडायचं कुठून सुरू करायचं तेच कळत नाही.

मंगळवारी ती ओत्सोला काय भरवते, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. बुधवारी सकाळी मी त्याचा डायपर उघडला की सगळं समोर यायचं. तिने गाजर दिलं की शी केशरी, तुकडे तर जसेच्या तसे. पालक घालून पॅनकेक केले की हिरवीगार. एकदा बीट दिलं होतं तिने, तेव्हा लालभडक शी बघून मला ते रक्तच वाटलं. मी हेन्नाला फोन केला, हेन्नाने बाळांच्या दवाखान्यात केला, आणि तिथली नर्स शांतपणे म्हणाली, "काल काय खाल्लं होतं त्याने?" तेव्हापासून मला पाठ झालं, की आज घातलेलं उद्या निघतं. मायरेचा मंगळवार माझ्या बुधवारात निघतो. मी डायपरवर वाकून तिची चूक शोधायचे. कधी सापडली नाही. पालकाचा एक धागासुद्धा नाही, इतकं बारीक वाटायची ती.

पण एक गोष्ट माझी होती. बारशाच्या कॉफीलाच मी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, की ओत्सोची पहिली निळी बेरी माझ्या हातची. दुकानातली नाही, हिवाळ्यात फ्रीजरमधून काढलेली नाही. ताजी, रानातली, माझ्या जागेवरची. हेन्ना म्हणाली होती, "ठीक आहे इर्या, त्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबू आपण." आणि ती खरंच थांबली होती. मायरेही मान हलवून हसली होती. येत्या रविवारी सगळे माझ्या अंगणात जमणार होते आणि मी त्याला मांडीवर घेऊन ती बेरी भरवणार होते. मायरे समोर बसून बघणार होती. खरं सांगायचं तर त्यातला निम्मा आनंद तिच्या बघण्याचाच होता.

माझी जागा मला सासूने दिली. दलदलीच्या पलीकडे, जुन्या पाइनच्या बुंध्यांमध्ये, तिथे बेऱ्या अशा लगडतात की पाय टेकायला भीती वाटते. आमच्याकडे माणूस पोरांना घर देतो, जमीन देतो, नाव देतो, पण बेरीची जागा मरायच्या आधी आठवडाभर सांगतो, तीही तब्येत बघून. यार्कोलाही मी ती दाखवलेली नाही. लहानपणी नेत असे त्याला, पण तेव्हा त्याला वाट कळायचं वय नव्हतं.

तर या बुधवारी ऊन कडक पडलं होतं आणि गुरुवारपासून पाऊस सांगितला होता. रविवारसाठी बेऱ्या काढायच्या तर त्याच दिवशी. ओत्सोला रानात न्यायचं नाही अशी हेन्नाची ताकीद होती. "तिथे फोन लागत नाही, इर्या. तू घसरून पडलीस तर तुम्हा दोघांना शोधायचं कुणी आणि कुठे? तू तर जागाही सांगत नाहीस." मी हो म्हटलं होतं. आणि बुधवारी त्याला पाठीवर बांधलं, बादली आणि बेरी ओरबाडायची फणी घेतली, आणि गेले. चार पावलांवरचं रान, त्यात काय पडायचं.

त्याला गोधडीवर बसवलं आणि मी कामाला लागले. बेरी काढताना माणसाला वर बघायला होत नाही. एक झुडूप संपलं की पुढचं खुणावतं. ओत्सो अगदी शहाण्यासारखा बसून होता, चूं नाही की चां नाही. निघताना त्याला उचललं तर गालाला आणि बोटांना निळा रंग दिसला. माझेच हात कोपरापर्यंत निळे झालेले, त्या हातांनीच तर उचललं होतं त्याला. ओल्या फडक्याने त्याला लख्ख पुसून काढलं, हेन्नाला काही कळायला नको म्हणून. संध्याकाळी यार्को त्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी मायरेकडे गेले. ओत्सोची टोपी माझ्याकडे राहिली होती. म्हणजे मीच राहू दिली होती. गुरुवारी दुपारी तिथे जाऊन, ती त्याला कशी ठेवते ते बघायला काहीतरी निमित्त हवंच ना. रविवारसाठी ठेवलेल्या बेऱ्यांतल्या थोड्या एका डबीत घालून पिशवीत टाकल्या होत्या. तिला द्यायला नाही, दाखवायला.

"इर्या, ये ये. कॉफी टाकलीच आहे," मायरे दारातच म्हणाली. घरात वेलचीच्या गोड पावांचा वास सुटला होता. पावसाच्या दिवशी, अंगाखांद्यावर पोर घेऊन या बाईने पाव भाजले होते.

"टोपी द्यायला आले होते," मी म्हणाले.

"बरं केलंस. अगं, जरा इकडे येतेस का? मला काही सुचत नाहीये."

ती मला न्हाणीघरात घेऊन गेली. ओत्सो डायपर बदलायच्या मेजावर उताणा पडून पाय झाडत होता आणि त्याच्याखाली डायपर उघडा होता. शी काळी होती. काळी म्हणजे नीट बघितलं तर काळी-निळी, कडेला हिरवट, आणि त्यात बारीक बारीक साली.

"सकाळी ही अशीच झाली आणि आत्ता पुन्हा," मायरे म्हणाली. "मी हेन्नाला फोन केला. दोघंही निघालेत कामावरून. काळी शी म्हणजे आतून रक्त असतं, असं म्हणतात ना?"

मी डायपरवर वाकले. जन्म गेला माझा बेरीत. त्या साली मी अंधारातसुद्धा ओळखल्या असत्या. आणि मान वळवली तर उघड्या दारातून स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळ्या बेऱ्यांचा प्लास्टिकचा डबा दिसला, दुकानातला, अर्धा रिकामा.

तर हिने दिली. रविवारवर तीन दिवस उरलेले असताना, बारशापासून माझी म्हणून सांगून ठेवलेली ती एकुलती एक गोष्ट हिने गुपचूप उरकून घेतली होती. मंगळवार तिचा, गुरुवार तिचा, पाव तिचे, आणि आता बेरीसुद्धा. वर रक्ताचं सोंग. माझ्या अंगाची अशी लाही झाली की मी तिथल्या नळाखाली मनगटं धरून उभी राहिले.

"घाबरलीस का?" मायरेने विचारलं.

"मी कशाला घाबरू," मी म्हणाले.

हेन्ना आणि यार्को आले ते ओल्या बुटांनी थेट आत. हेन्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने डायपर बघितला आणि फोन काढला. "नर्सने सांगितलंय, काळी दिसली तर थांबायचं नाही."

"फोन ठेव," मी म्हणाले. "काही झालेलं नाही पोराला. बेरी खाल्लीये त्याने. कुणी भरवली ते तुझ्या आईला विचार. टेबलावर डबा तसाच पडलाय."

मायरेने ओत्सोला गुंडाळून कडेवर घेतलं आणि सगळे स्वयंपाकघरात त्या टेबलापाशी आले. मायरे म्हणाली, "छे, त्या मी केकसाठी..." पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हेन्नाने खुर्चीत बसकण मारली आणि ती हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आई, अगं आई. तुला धीर धरवला नाही ना? सांगायचं तरी मला. रस्ताभर जीव टांगणीला लागला होता आमचा."

"अस्वलाचं नाव ठेवलंय पोराला," यार्को म्हणाला, कारण ओत्सो म्हणजे आमच्या जुन्या भाषेत अस्वलच. "बेरी बघून गप्प बसेल होय?"

मी वाट बघत होते, की आता हेन्ना म्हणेल, पण ती बेरी तर इर्या देणार होती. ती नाही म्हणाली. पोराला काही झालं नाही या आनंदात तिला माझी आठवणही राहिली नाही. तिने आईचा हात धरला आणि विचारलं, "तोंड कसं केलं त्याने? सांग ना."

मायरेने लेकीच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाली, "एक डोळा मिटला. उजवा. खालचा ओठ पुढे आला, आता रडणार असं वाटलं. आणि मग हात आपटायला लागला, आणखी दे म्हणून."

हेन्ना ते ऐकत होती आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. यार्कोने ओत्सोला उचलून घेतलं. "एक डोळा मिटलास होय रे, लबाडा?"

मला तो डोळा हवा होता. तो ओठ, तो आपटणारा हात, सगळं माझ्या मांडीवर, माझ्या अंगणात व्हायचं होतं, आणि ते या बाईने इथे या चकचकीत टेबलाशी बघून घेतलं होतं. आता मी रविवारी हजार बेऱ्या भरवल्या तरी ती पहिली होणार नव्हती. मी त्या डब्यातली एक बेरी उचलली आणि दातांनी फोडली.

आतून ती पांढरी होती.

दुकानातली बेरी आतून पांढरीच असते. बागेतल्या उंच झुडपाची ती जात, वरून तेवढी निळी. तिने जीभसुद्धा रंगत नाही. आतबाहेर निळी असते ती रानातली, आणि तिचा डाग कपड्यावरून जन्मात जात नाही. हे आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोराला ठाऊक असतं. मला, जिचा जन्म बेरीत गेला तिला, रागाच्या भरात सुचलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मग ती काळी-निळी शी कसली? आणि तेव्हा दुसरी गोष्ट आठवली. आज घातलेलं उद्या निघतं. मायरेचा मंगळवार माझ्या बुधवारात निघतो हे मला पाठ होतं. तर मग गुरुवारी सकाळी मायरेच्या हातात जे निघालं, ते कोणाच्या दिवसाचं? गोधडीवर शहाण्यासारखा बसलेला ओत्सो मला दिसला. चूं नाही की चां नाही. त्याच्या गालावरचा तो रंग माझ्या हातांचा नव्हता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी माझी गत झाली होती.

मी मायरेकडे बघितलं. ती कॉफीच्या कपाशी खेळत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. तिने बेरी दिलेलीच नव्हती. लेक एवढी खूश झाली म्हणून तिने ती पदरात पाडून घेतली होती.

गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसले असते तर मी रानात गेले होते हे कुणाला कळलं नसतं, माझा बुधवार माझ्याकडे राहिला असता, आणि मायरे त्या खोट्याच्या ओझ्याखाली जन्मभर माझ्यापुढे नमून राहिली असती. शहाण्या बाईने हेच केलं असतं. पण मग ओत्सोची पहिली बेरी कायमची मायरेची झाली असती. दर वर्षी, दर बेरीला, तो मिटलेला डोळा ती सांगत बसली असती आणि मी ऐकत. ते मला सहन होणार नव्हतं. खरेपणाशी याचा काहीही संबंध नाही.

"ही बेरी आतून पांढरी आहे," मी अर्धी फोडलेली बेरी बशीत ठेवत म्हणाले. "हिने शी काळी होत नाही. मायरेने त्याला काही दिलेलं नाही. त्याने खाल्लीये ती माझ्या जागेवरची. काल. मी नेलं होतं त्याला."

यार्कोला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "आई, तू त्याला रानात नेलंस? नको सांगूनही?"

"नेलं."

"आणि आत्ता इथे बसून मायरेवर ढकलत होतीस?"

"मला वाटलं तिनेच दिली. डबा होता टेबलावर."

हेन्ना ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ओत्सोला यार्कोकडून घेतलं, त्याच्या टाळूवर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, "बुधवार काढून घेत नाही मी, इर्या. पण यापुढे रानात जाशील ती मला बरोबर घेऊन. जागा दाखवावी लागेल."

"मरायच्या आधी आठवडाभर दाखवते," मी म्हणाले.

यार्को नाही नाही म्हणता हसला. हेन्ना हसली नाही, पण तिचा आवाज जरा निवळला. "बरं. मग पहिली बेरी तुझ्याचकडची. सांग आता. तोंड कसं केलं त्याने?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मायरेसुद्धा. मी जिंकले होते. आणि माझ्याकडे सांगायला काहीही नव्हतं.

"पाहिलं नाही," मी म्हणाले. "पाठ होती माझी त्याच्याकडे. बेऱ्या काढत होते."

बाहेर पाऊस पडत होता. हाताच्या अंतरावर माझ्या नातवाने आयुष्यातली पहिली बेरी तोडून खाल्ली, आणि ती कुणीच बघितली नाही. मी तिथे होते आणि मीही नाही.

मग मी पिशवीतून डबी काढली. दाखवायला आणलेल्या त्या बेऱ्या मी हेन्नापुढे सरकवल्या. रविवार गेला तर गेला. हेन्नाने एक बेरी उचलली, बोटांनी जराशी चेपली आणि ओत्सोच्या ओठांशी नेली. आम्ही चौघंही टेबलावर वाकलो.

त्याने एक डोळा मिटला. उजवा. खालचा ओठ पुढे आला, आता रडतो की काय असं वाटलं. आणि मग तो दोन्ही हातांनी टेबल बडवायला लागला.

"अरेच्चा," यार्को म्हणाला. "मायरे, तू तर दिली नव्हतीस. मग तुला कसं कळलं?"

मायरेने मान खाली घातली. "हेन्नाने असंच केलं होतं. तळ्याकाठच्या झोपडीच्या पायरीवर बसली होती, याच्याएवढीच. मला तेच आठवलं आणि मी तेच सांगून टाकलं. चुकलं माझं."

हेन्ना आईला टेकून बसली. तीस वर्षं या बाईने तो मिटलेला डोळा जपून ठेवला होता, आणि मागितल्याबरोबर काढून दिला होता.

"आणि मी, आई?" यार्कोने मला विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. "मी कसं केलं होतं?"

मी आठवायला लागले. तीच जागा. तेच बुंधे. माझ्या कोटावर बसवलेला यार्को, अंगात पिवळा स्वेटर. त्या वर्षी बेरी अमाप आली होती, ते आठवलं. बादल्या कमी पडल्या म्हणून शेवटी डोक्याचा रुमाल भरला होता, तेही आठवलं. फणीची मूठ आठवली. त्याचं तोंड आठवेना. तेव्हाही माझी पाठच होती.

"तू पण डोळा मिटला होतास," मी म्हणाले.

मायरेने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. कळणारच, मघाशी तिनेही न पाहिलेलंच सांगितलं होतं. मी तिचं खोटं सगळ्यांदेखत बशीत फोडून दाखवलं होतं, आता पाळी तिची होती. मी वाट बघत राहिले.

"मग डोळा बापाचाच म्हणायचा," ती म्हणाली, आणि उठून आधी माझ्या कपात कॉफी ओतली.

यार्को खूश झाला. ओत्सो आणखी मागत होता. मी कॉफी प्याले, आणि एवढं मोठं मन या बाईला कुठून मिळालं, याचासुद्धा मला हेवा वाटला.